कच्चं रगत

झुलालला गावात पहिल्यांदा डॉक्टर कोण म्हणालं ते भिकुबाईला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं त्या माणसाच्या तोंडात चुलीतली राख कोंबली असती. थट्टेनंच म्हणालं असणार कुणीतरी. अमळनेरपासून एसटीनं अर्ध्या तासावर, बोरी नदीच्या काठी वसलेलं ते गाव मुळातच थट्टेखोर. पण भिकुबाईच्या नवऱ्याला थट्टा म्हणजे काय हेच जन्मात कळलं नाही. त्याला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की हा बाबा वर बसून घाटे मोजायला लागायचा.

आणि डॉक्टर तरी कशाचा? जळगावात एक वयस्क डॉक्टर लोकांचं रक्त तपासायचे, त्यांच्याकडे झुलाल नोकरीला होता. नोकरी म्हणजे सकाळी जाऊन फरशी पुसायची, लघवीच्या बाटल्या रिकाम्या करायच्या आणि उरलेला दिवस काचेच्या नळ्या धुवायच्या. तिथंच मेहरूणला भाड्याच्या खोलीत भिकुबाईनं त्याच्याबरोबर बरीच वर्षं काढली होती. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याची बोटं साबणाच्या पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. धुण्याच्या कामात वाईट काय? ती स्वतः लोकांची धुणी धुवायची. पण सणाला गावी आला की हाच माणूस पारावर बसून सांगायचा, “परवा आम्ही दोन कावीळवाले वाचवले.” आम्ही म्हणे. भिकुबाई पदर तोंडाला लावून तिथून उठून जायची. हसू यायचं म्हणून नव्हे, ओकारी यायची म्हणून.

पुढे ते डॉक्टर थकले आणि मुलाकडे पुण्याला निघून गेले. सामान भंगारात निघालं. त्यातला एक लाकडी स्टँड, नळ्यांची जुडी, आकडे लिहिलेल्या मिठाच्या पाण्याच्या बाटल्या आणि डॉक्टरांचा काखेत फाटलेला पांढरा कोट झुलालनं उचलून आणला. तेवढी इस्टेट घेऊन ब्याऐंशी साली नवराबायको गावी परतली. झुलालनं कोट खुंटीला अडकवला आणि ओट्यावर बसला. बसला तो बसलाच.

घर चाललं ते भिकुबाईच्या बकऱ्यांवर. तिचं माहेर नशिराबादचं. भावानं एक काळी-पांढरी पाठ, बकरीचं मादी पिल्लू, तिला दिली होती, तिचं नाव तिनं कबरी ठेवलं. कबरीला दोन वेतांत दोन पाठी झाल्या, त्या मोठ्या झाल्या, तिसऱ्या वेताची लहानी पाठ अजून भिकुबाईच्या पायात घोटाळायची आणि कबरी पुन्हा गाभण होती. भिकुबाईला पोर नव्हतं. त्याबद्दल कुणी हळहळलं की तिला राग यायचा. पण कबरीच्या पोटाला हात लावून आत काय हलतंय ते बघताना तिचा चेहरा इतका मऊ व्हायचा की शेजारची तानुबाई मुद्दाम तेव्हाच ताक मागायला यायची, कारण तेव्हा ती कशालाच नाही म्हणत नसे.

तर अशा या घरात सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात झुलालला विद्या आठवली.

जळगावचे डॉक्टर एक परीक्षा करायचे. बारीक नळ्या ओळीनं लावायच्या. पहिल्या नळीत चांगलं खारट पाणी, दुसरीत जरा कमी खारट, असं करत शेवटच्या नळीत साधं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा थेंब टाकायचा. खारट पाण्यात रक्ताचे कण शाबूत राहतात, पाणी गढूळ दिसतं. मीठ कमी होत गेलं की कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, मग पाणी स्वच्छ लाल होतं. नळीमागं छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. धडधाकट माणसाचं रक्त मधल्या नळ्यांपर्यंत टिकतं. त्याआधीच फुटलं तर रक्तात दोष. नळ्या धुता धुता एवढं झुलालच्या डोक्यात शिरलं होतं. पण डॉक्टरांना जे कधी सांगायची गरजच पडली नव्हती, की बाबा रे, हे माप माणसाचं आहे, ते काही शिरलं नव्हतं.

एका सकाळी त्यानं कोट चढवला, कबरीच्या कानाला सुई टोचली आणि नळ्या ओट्यावर मांडल्या. जिथं माणसाचं रक्त खुशाल टिकलं असतं तिथंच कबरीचं फुटून लालभडक. मागं धरलेल्या पंचांगाची अक्षरं लख्ख दिसत होती.

“ऐकस का,” त्यानं बायकोला हाक मारली, “तुनी बकरीनं रगत कच्चं शे.”

“तुमनं डोकं कच्चं शे,” भिकुबाई म्हणाली आणि पाला टाकायला निघून गेली.

पण ओट्यासमोर तोवर माणसं जमली होती. गल्लीच्या टोकाला राहणारा वना, ज्याच्याकडे गावात सगळ्यांत जास्त बकऱ्या, तो पुढं आला. “मनीबी पाह्य ना, भाऊ.” झुलालनं वनाची बकरी पाहिली. कच्ची. तानुबाईची पाहिली. कच्ची. सरपंचाचा दांडगा बोकड, जो दोन माणसांना आवरायचा नाही, त्याचं रक्तही त्याच नळीत फुटलं. गावातली एकूण एक बकरी नापास. आता एखाद्या शहाण्या माणसाला इथंच शंका आली असती, की खोट बकऱ्यांत आहे की आपल्या परीक्षेत. पण शहाणपण हे दुसऱ्याचा कोट घातल्यानं अंगात येत असतं तर काय हवं होतं? झुलालला शंका आली नाही. त्याला घाम आला. आनंदाचा. आपण केवढा मोठा रोग हुडकून काढला या विचारानं तो दुपारी जेवलासुद्धा नाही. भिकुबाईनं त्याच्या वाटणीची कळण्याची भाकरी लहान्या पाठीला चारली.

कच्चं रगत हा शब्द मग गावात असा पसरला की विचारू नका. एसटी चढावर बंद पडली, कच्च्या रगताची. सरपंचाचा पुतण्या दहावीला पुन्हा आपटला, कच्च्या रगताचा. कुणाच्या पोराला शिंक आली तरी म्हातारी म्हणायची, दाखवून आण झुलालभाऊला. झुलालभाऊ तेव्हा शहरी मराठी बोलायला लागायचा. “लक्षणं गंभीर आहेत,” तो म्हणायचा. ते ऐकून भिकुबाईच्या अंगाची लाही लाही व्हायची. घरात साधा मिठाचा डबा कुठं आहे ते या माणसाला ठाऊक नाही, आणि याला लक्षणं दिसतात.

अमळनेरहून बकऱ्या घ्यायला येणारा नूर महंमद तिच्या दारात पाणी प्यायला थांबला तेव्हा तिनं त्याला विचारलं. आयुष्य बकऱ्यांत गेलेला माणूस. तो हसत हसत म्हणाला, “भाभी, कच्च्या रगताची बकरी मी पाहिली नाही. पिकल्या रगताचीपण नाही पाहिली.” भिकुबाईला बरं वाटलं. तिनं ते वनाला सांगितलं. वना म्हणाला, तो काय नळीत पाहतो का?

रोग सापडला म्हणजे औषध आलंच. झुलालचं गणित सरळ होतं. रगत मिठाच्या पाण्यात टिकतं, साध्या पाण्यात फुटतं. म्हणजे बकरीच्या पोटात मीठ गेलं की रगत टणक. आणि हे गावाला पटायला वेळ लागला नाही, कारण सलाईनवर गावाचा देवापेक्षा जास्त भरवसा. माणूस आडवा पडला की तालुक्याचा डॉक्टर सलाईन चढवतो, माणूस उठून बसतो. आणि सलाईन म्हणजे काय? मीठ-पाणी. झुलाल जळगावला होता, त्याला आतलं ठाऊक. झालं. वाण्याकडचं खडे मीठ संपलं. लोक बाजरीच्या पिठात मुठीनं मीठ कालवून बकऱ्यांना गोळे चारू लागले. बकऱ्यांना मीठ आवडतंच, त्या हात चाटून पुसून खायच्या आणि भरपूर पाणी प्यायच्या. पोटं टम्म दिसायची. लोकांना वाटलं, अंग धरलं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. वरून पाणी मिळत होतं तोवर मिठानं बकरीचं काही वाकडं झालं नसतं. पण ज्याला कशातलं काही कळत नाही त्याला सुधारणा फार सुचतात. एक दिवस वना म्हणाला की बकऱ्या मीठ खातात आणि पाणी पिऊन सगळं मुतून टाकतात, मग रगताला काय उरणार? झुलाल विचारात पडला. ओट्यावर बायका कैऱ्या चिरत बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघून त्याचा चेहरा उजळला.

“लोणच्यात पाणी गेलं तर काय होतं?” त्यानं विचारलं.

“नासतं,” तानुबाई म्हणाली.

“मग? मीठ रगतात मुरलं पाहिजे. सकाळी मीठ चारा आणि दिवे लागेपर्यंत पाणी दाखवू नका. मुरू द्या.”

बकरीचं लोणचं घालायला निघालेला हा माणूस आपला नवरा आहे, हे भिकुबाईला त्या दिवशी फार लागलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “मन्या बकऱ्यांना कोनी हात लावाना नही.” झुलाल हसला. बायकामाणसाला काय कळतं, अशा अर्थाचं ते हसणं होतं, आणि बायकासुद्धा त्याच्याबरोबर हसल्या.

त्यानंतर चारदोन दिवस लोक त्याला टोचत राहिले. भाऊ, तुमच्या घरच्या बकऱ्यांना औषध नाही का? बायको ऐकत नाही वाटतं? झुलालला दुसरं काही झोंबलं नसतं, ते झोंबलं. भिकुबाई लहान्या पाठीला बरोबर घेऊन कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला शेतात गेली, आणि ती नदीच्या पलीकडं गेल्याची खात्री करून यानं कबरीला आणि तिच्या दोन्ही लेकींना मिठाचे गोळे चारले. थोडे नव्हे. डॉक्टरच्या घरच्या बकऱ्या आहेत, जास्तच चारले. पाण्याची बादली उचलून घरात ठेवली आणि बकऱ्या गोठ्यात उन्हाकडं तोंड करून बांधून टाकल्या. दिवसभर त्या ओरडत होत्या. ओरडू दिल्या.

भिकुबाई दिवस कलताना परतली. झुलाल घरी नव्हता, पारावर होता. गोठ्यात कबरी जीभ बाहेर टाकून दाव्याला हिसके देत होती. आज वीज दिवसभर नव्हती, म्हणून पाणी पाजायचं राहिलं असेल असं तिला वाटलं. नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. तिनं लगबगीनं तिघींची दावी सोडली. बकऱ्यांनी तिला ओढतच विहिरीकडं नेलं. तिथल्या हाळात गुरांसाठी पाणी पडत होतं, आणि इतके दिवस संध्याकाळी बादलीभरच पाणी मिळालेल्या वनाच्या, तानुबाईच्या बकऱ्याही त्यावर तुटून पडल्या होत्या. कबरीनं तोंड घातलं ते काढेचना. भिकुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. “पी वं माय, पी,” ती म्हणत होती. पाणी अंगावर उडत होतं आणि तिला वाईट वाटत होतं की आपण शेतातून लवकर का नाही आलो. तिनं आणखी पाजलं.

घरी आणून बांधल्यावर थोड्याच वेळात कबरी मुतली. भिकुबाईनं वाकून पाहिलं. मूत कोऱ्या चहासारखं होतं. काळं-लाल. मग दोन्ही लेकींचंही तसंच. कबरी थरथरायला लागली, मान एका बाजूला टाकून तिनं पाय दुमडले आणि खाली बसली.

भिकुबाईनं हाक मारली तेव्हा गल्लीतून दुसऱ्याही हाका येत होत्या. वनाच्या दोन बकऱ्या लाल मुतल्या. तानुबाईची एक. कधी नव्हे तो सगळा गाव झुलालच्या ओट्यासमोर गोळा झाला आणि झुलाल पारावरून धावत आला. धावत येताना त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते भिकुबाई मरेपर्यंत विसरणार नव्हती. भीती नव्हती. दुःख तर नावालाही नव्हतं. घरात लग्न असल्यासारखा चेहरा होता त्याचा.

“मी सांगत व्हतू ना?” तो म्हणाला. मग शहरी मराठी आठवली. “रक्त फुटलं. मी महिनाभर आधी सांगितलं होतं की या बकऱ्यांचं रक्त फुटणार. बघा, मुतातून येतंय.”

आणि लोकांनी माना डोलावल्या. एकानंही विचारलं नाही की महिनाभर आधी न फुटलेलं रगत आज, मीठ चारून पाणी तोडल्यावरच कसं फुटलं. उलट वना भारावून म्हणाला, भाऊनं नळीत पाहिलं तेच झालं. कुणीतरी भाऊला ओट्यावर बसवलं, कुणीतरी चहा आणला. कबरी गोठ्यात मान टाकून पडली होती आणि तिचा घात करणारा माणूस बशीत चहा ओतून फुरके मारत होता. भिकुबाईला त्या क्षणी त्याचा इतका तिटकारा आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. गोठ्यात तिला घमेल्याच्या तळाशी मिठाचे खडे सापडले. ते हातात घेऊन ती कितीतरी वेळ कबरीजवळ बसून राहिली. पाणी आपण पाजलं. आपल्या हातानं.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला बोलवायला कोणी तयार होईना. गावात एक डॉक्टर असताना दुसरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. सकाळच्या पहिल्या एसटीनं भिकुबाई स्वतः अमळनेरला गेली आणि सरकारी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं, पिशवी उचलली आणि राजदूतला किक मारून म्हणाले, “बसा मागं.” ती बसली. बाई परक्या पुरुषामागं फटफटीवर बसून गावात शिरली तेव्हा पारावरच्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. पाहू देत मेले.

कबरी अजून जिवंत होती. साहेबांनी तिचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोटाला हात लावला. गोठ्याभोवती गाव जमला होता. झुलालही होता, पण कोट घरात ठेवून आला होता आणि वनाच्या मागं उभा होता. सरकारी माणूस दिसला की त्याचं डॉक्टरपण कुठं जायचं कोण जाणे.

“काय चारलं होतं?” साहेबांनी विचारलं.

भिकुबाईनं पदरात बांधलेले मिठाचे खडे पुढं केले.

“मीठ? आणि पाणी?” त्यांनी वर पाहिलं. “दिवसभर पाणी तोडलं होतं? आणि मग एकदम कोणी पाजलं?”

“मी पाजलं,” भिकुबाई म्हणाली.

साहेब तिच्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात वनाच्या मागून आवाज आला, “बकऱ्या हिच्याच आहेत, साहेब. मी त्यात पडत नाही. घरात काय करते, काय नाही, हिलाच माहीत.”

भिकुबाईनं मान वळवून पाहिलं. आपण चुकीचं ऐकलं असेल असं तिला क्षणभर खरंच वाटलं. मग तिनं इतरांकडं पाहिलं. तानुबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. वना आभाळात बघत होता. प्रत्येकाला ठाऊक होतं मीठ कोणी चारायला लावलं ते. पण प्रत्येकानं आपापल्या बकऱ्यांनाही चारलं होतं, आणि सरकारी डॉक्टरसमोर आपण मूर्ख ठरू नये म्हणून सगळा गाव मूग गिळून गप्प उभा होता.

“बाई, इतकी वर्षं शेळ्या पाळता,” साहेब तिला म्हणाले, “आणि एवढं कळू नये तुम्हाला?”

साहेबांनी पिशवीतून सलाईनची बाटली काढली आणि गोठ्यावरच्या लिंबाच्या फांदीला टांगली. सुई कबरीच्या मानेत गेली. काम करता करता ते बोलत होते. शेळीच्या रक्तातले कण पाळीव जनावरांत सगळ्यांत बारीक असतात. माणसाचा कण ज्वारीचा दाणा धरला तर शेळीचा खसखशीचा. पाण्याचं प्रमाण जरा वाढलं की ते पटकन फुटतात. हा रोग नाही, दोष नाही, तिची घडणच तशी. देवानं तिला तशीच धडधाकट केलीय. फक्त तिला तहानेनं तळमळवून मग एकदम पोटभर पाणी पाजायचं नसतं. मीठ चारून तर नाहीच नाही. आता रक्तात पाणी फार झालंय म्हणून हे दाट मिठाचं सलाईन देऊन बघतो.

ते ऐकताच वनाच्या मागं हालचाल झाली. झुलालनं वनाच्या कानाशी तोंड नेलं. पण कुजबुजणं त्याला कधी जमलं नव्हतं. “पाह्य,” तो म्हणाला, “शेवटी मीठच देतस ना? मी हेच सांगत व्हतू.”

आणि वनानं मान डोलावली. तानुबाईनंही. गोठ्याभोवती एक मान हलली, मग दुसरी, मग सगळ्या. भाऊ म्हणत होता तेच खरं. एवढं समोर मरत असलेलं जनावर बघूनही.

बाटली अर्धी झाली तेव्हा कबरीनं पाय ताणले. भिकुबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी थोडं हललं, मग थांबलं. साहेबांनी सुई काढली आणि बाटली खाली घेतली. कबरीच्या दोन्ही लेकी उभ्या होत्या, त्यांना त्यांनी टोचून दिलं आणि घोट घोट पाणी द्यायला सांगितलं. लहानी पाठ भिकुबाईच्या लुगड्याचा काठ चावत उभी होती.

हात धुऊन साहेब सगळ्यांकडं वळले. आता ते चिडले होते. “हे खूळ एका बाईच्या डोक्यातलं नाही. येताना गल्लीत दोन ठिकाणी लाल मूत बघितलंय मी. मीठ चारून पाणी तोडा, हे कोणी सांगितलं? आज इथं मेली, उद्या दुसऱ्या गावात हेच होईल. नाव सांगा.”

सगळ्या माना खाली गेल्या.

“बाई, तुम्ही सांगा. कोण तो? नाव काय त्याचं?”

आता त्या गावात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते लग्नात, हळदीकुंकवात, आणि तेही उखाण्यात गुंडाळून, लाजत. मतदान केंद्रावर विचारलं तरी बायका शेजारणीला पुढं करायच्या, तू सांग वं मन्या मालकांचं नाव. चारचौघांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढणारी बाई म्हणजे जिला त्यानं टाकलं किंवा जिनं त्याला टाकलं ती. हे झुलाललाही ठाऊक होतं, म्हणून तो वनाच्या मागं निर्धास्त उभा होता. तानुबाईनं तर भिकुबाईच्या दंडाला हात लावून हळूच दाबलासुद्धा, की जाऊ दे.

भिकुबाईनं तो हात झटकला. ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं तसाच राहू दिला.

“झुलाल,” ती म्हणाली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. “झुलाल चिंधा. मना नवरा शे. जळगावले नळ्या धुये, डॉक्टर नही.”